खाली सही केलेला फळा

वाईट बातमी साखरेत घोळवून सांगणारी माणसं घरटी एक तरी सापडतात, पण चांगल्या बातमीतला वाईट भाग आधी वेचून काढून समोर मांडणारा माणूस उभ्या मुंबईत एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. याचा पहिला प्रसाद मला मुलगी बघायला गेलो त्याच दिवशी मिळाला. मुलीकडचे सगळे मुलीचं कौतुक करून दमले, पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या या गृहस्थांनी घसा खाकरला. "मुलगी गुणी आहे," ते म्हणाले, "पण सकाळी हाक मारल्याशिवाय उठत नाही. आमटीत मीठ विसरते. आणि रागावली की बोलणं बंद, मग देव आला तरी बोलत नाही. हे आत्ता सांगितलं, नंतर मामा बोलला नाही म्हणू नका." माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. माझे वडील मात्र खाली उतरल्यावर म्हणाले, "सोयरीक इथेच करायची. या घरात एक तरी माणूस खरं बोलतो." लग्नाला आता बरीच वर्षं झाली. तिन्ही बाबी तंतोतंत खऱ्या निघाल्या आहेत, आणि मी तक्रार करायला गेलो की मामा एवढंच म्हणतात, "कल्पना दिली होती, जावईबापू."

मामांना हे वळण लागलं विक्रोळीच्या कारखान्यात. तिथे ते सुरक्षा विभागात होते आणि फाटकातून आत शिरताच जो काळा फळा दिसायचा तो त्यांच्या ताब्यात होता. फळ्यावर लिहिलेलं असायचं 'अपघाताविना दिवस', आणि पुढे खडूने आकडा. रोज सकाळी कालचा आकडा पुसून आजचा लिहायचा. पण कारखान्यात कुणाला इजा झाली की त्याच फळ्यावर शून्य काढायचं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक, दोन, तीन. मामांनी या शून्यात कधी कंजूषपणा केला नाही. एकदा मोठे पाहुणे यायच्या दिवशीच कुणाचं तरी बोट यंत्राच्या पट्ट्यात चेमटलं. मॅनेजर म्हणाले, "किरकोळ आहे हो, आजच्या दिवस राहू द्या आकडा." मामांनी त्यांच्या देखत भोपळ्याएवढं शून्य काढलं. "आज हे लिहिलं नाही, तर उद्याच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार, साहेब?" निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं. मामांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि तो फळा मागून घेतला. टेम्पो करून तो घरी आणला तेव्हा मामीने दारातच कपाळावर हात मारला.

त्यानंतर त्या दीड खोलीच्या घरात पारदर्शक कारभार सुरू झाला. फळा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला गेला आणि त्यावर रोज निवेदन येऊ लागलं. 'आज पडवळ. आवडणार नाही याची जाणीव आहे.' 'पाहुणे येणार. चहा मिळेल, जेवणाचं मामीने ठरवलेलं नाही.' नातेवाइकांच्या लग्नातही मामा मांडवाच्या दारात उभे राहून येणाऱ्याला सांगत, "पंगतीला उशीर आहे, आचारी रागावून बसलाय. मधुमेहवाल्यांनी काहीतरी तोंडात टाकून घ्या." यजमान लाजेने अर्धे होत. पाहुणे मात्र गुपचूप बाहेर जाऊन वडापाव खाऊन येत आणि पंगत बसेपर्यंत शांत राहत. माणसाला उशीर चालतो, पण उशीर किती हे न सांगणं चालत नाही, असं मामांचं म्हणणं. मला ते तेव्हा थोडं विक्षिप्तच वाटायचं.

मग हायवेचं काम निघालं. मामांच्या वसाहतीसमोरचा हायवे पूर्ण उखडून नव्याने बांधायचा होता, त्यात उड्डाणपूलही होता. एका सकाळी लोक उठले तर वसाहतीपुढे निळ्या पत्र्यांची भिंत उभी. पलीकडे जायचा जुना पादचारी पूल पाडायला घेतलेला. आणि पत्र्यावर एकच पाटी, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. झालं! वसाहत पाडणार अशी बातमी दुपारपर्यंत मोबाइलवरून घरोघर पोचली आणि संध्याकाळी बायका पोकलेनसमोर सतरंजी घालून बसल्या. मामा मात्र त्या पाटीपुढे चष्मा वर करून कितीतरी वेळ उभे होते. "दिलगीर आहोत म्हणजे कोण आहोत?" ते मला फोनवर म्हणाले. "कशाबद्दल? कधीपर्यंत? खाली सही कुठेय? बिनसहीची माफी मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

मामांना हे इतकं लागायचं घरगुती कारणही होतं. मामीची थोरली बहीण, आक्का, हायवेच्या पलीकडे राहायची. तिची एक बाजू लुळी पडलेली. सुनेच्या हातून ती जेवायची नाही, मामीने भरवलं तरच चार घास जायचे. मामी रोज दुपारी डबा घेऊन पूल ओलांडून जायची. आता पूल गेला आणि रिक्षाने वळसा घालायचा तर गर्दीत तासन्‌तास मोडायचे. मामीचे गुडघे आधीच रुसलेले. एक दिवस ती जाऊ शकली नाही की आक्का उपाशी.

मामा स्टूल घेऊन कंत्राटदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात गेले आणि दारातच बसले. तिथली साइट इंजिनिअर नांदेडची एक तरुण मुलगी होती. मजूर, पोलीस, नगरसेवक, सगळ्यांनी तिला दिवसभर झापून काढलेलं. ती म्हणाली, "काका, तुम्हीही ओरडायला आलात का?" मामा म्हणाले, "ओरडणारे खूप आहेत, पोरी. मी विचारायला आलोय. जे माहीत आहे ते सांग. नाही ते नाही म्हण." ती आधी बावरली, मग तिने नकाशाच उघडून दाखवला. दुसऱ्या दिवशी घरातला फळा पत्र्याच्या भिंतीवर बसस्टॉपशेजारी टांगलेला होता. 'वसाहत पाडणार का : नाही. नकाशा डोळ्यांनी पाहिला. आज पाइप हलवणार, दुपारी पाणी नाही, भरून ठेवा. धूळ फार होईल, कपडे आत वाळत घाला. नवा तात्पुरता पूल कधी : माहीत नाही. रस्ता कधी पूर्ण : माहीत नाही.' आणि खाली मामांची ठसठशीत सही.

लोक 'माहीत नाही' वाचून पोट धरून हसले. "काका, हे सांगायला फळा कशाला?" रिक्षावाला बंड्या म्हणाला. पण दुपारी पाणी खरंच गेलं आणि ज्यांनी बादल्या भरल्या होत्या त्या बायकांनी सतरंजी गुंडाळली. हळूहळू फळ्याचा दबदबा वाढला. मामा रोज सकाळी इंजिनिअर मुलीला विचारून लिहीत, ऐकीव एक अक्षर नाही. मोबाइलवर काही भयंकर आलं की वसाहतीतलं शेंबडं पोरही विचारायचं, "फळ्यावर आहे का?" नसलं की ती बातमी तिथेच मरायची. त्या इंजिनिअर मुलीचा मोठा साहेब एकदा येऊन म्हणाला, "माहीत नाही असं लिहिणं बरं दिसत नाही, 'लवकरच' लिहा." मामांनी खडू पुढे केला. "लिहा. खाली तुमची सही करा." साहेबांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि ते निघून गेले.

अशा माणसाच्या हातून एकदाच चूक झाली, आणि ती प्रेमापोटी झाली. तात्पुरता पादचारी पूल जवळजवळ तयार होता. मामी रोज संध्याकाळी विचारायची, "कधी ओ?" आणि रोज 'माहीत नाही' ऐकून तोंड फिरवायची. एका शनिवारी इंजिनिअर मुलगी म्हणाली, "काका, सोमवारी सुरू होईल असं वाटतंय." मामा घरी आले, मामीचे सुजलेले गुडघे बघितले आणि परत जाऊन फळ्यावर लिहून आले, 'पूल सोमवारी सुरू. नक्की.' कारखान्यातल्या सगळ्या वर्षांत हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला नव्हता.

सोमवारी शाळेची पोरं, कामाला निघालेल्या बाया, डबा घेतलेली मामी, सगळे जिन्याशी जमले आणि जिन्याला कुलूप. कारण सांगायला कुणी नाही. मग जे व्हायचं ते झालं. कुणी फळ्याला चिखल फासला, कुणी मामांच्या तोंडावर विचारलं, "कंत्राटदाराने किती दिले, काका?" उद्या सकाळी काम बंद पाडायचं ठरलं. मामी डबा तसाच घेऊन घरी आली आणि ओट्यावर ठेवत म्हणाली, "तुमचा नक्की माका नको. माहीत नाय तर माहीत नाय म्हणान सांगा, मी वळसो घालून जाईन." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मामांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी काम बंद पाडायला निघालेला मोर्चा बसस्टॉपपाशी आला तो थबकला. फळा धुऊन पुसून लख्ख केलेला. 'सोमवारचं चुकलं. चूक माझी. नक्की हा शब्द मी लिहायला नको होता. पूल कधी : माहीत नाही. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी मला बोलावं, मी इथेच आहे.' खाली सही. आणि वरच्या कोपऱ्यात, चौकटीत, 'खरं सांगितल्याचे दिवस', आणि पुढे भोपळ्याएवढं शून्य. फळ्याखाली स्टुलावर मामा, हातात छत्री.

लोक बोलले. मनसोक्त बोलले. मामांनी एकालाही मध्ये तोडलं नाही. मी मुलुंडहून धावत आलो आणि म्हटलं, "मामा, घरी चला, हे काय तुमचं काम आहे?" ते म्हणाले, "शून्यावरून उठून जायचं नसतं, जावईबापू. शून्यापासूनच मोजायचं असतं." थोड्या वेळाने इंजिनिअर मुलगी स्वतः दुसरं स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिने सांगितलं की पुलाचा कठडा भार टाकल्यावर हलत होता, पोरं त्यावर रेलणार, म्हणून तिनेच रविवारी कुलूप घातलं. बंड्या म्हणाला, "मग हे काल सांगायचं ना, यार! आम्ही काय पोरांना खाली पाडा म्हणणार होतो?" मोर्चा तिथेच बसला, कुणीतरी चहा मागवला, आणि काम त्या दिवशी कुणी बंद पाडलं नाही. त्यानंतर मामा आणि ती मुलगी रोज त्या फळ्याखाली बसू लागले, ऊन असो, धूळ असो. कोपऱ्यातला आकडा एकेक करून वर चढत गेला आणि एका सकाळी फळ्यावर आलं, 'पूल सुरू आहे. मी स्वतः चढून उतरून आलो. पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी दमाने घ्या.' मामी दमाने गेली. आक्काने त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या, हेही मामांनी फळ्यावर लिहिलं, आणि आक्का कोण हे ठाऊक नसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता पत्रे गेले आहेत. नव्या रस्त्यावरून गाड्या अशा सुसाट जातात की इथे कधी धूळ होती यावर विश्वास बसत नाही. ती मुलगी दुसऱ्या साइटवर गेली आणि म्हणे तिथे तिने पहिल्या दिवशी फळा विकत घेतला. मामांचा फळा पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी आला, कोपऱ्यातल्या आकड्यासकट.

गेल्या आठवड्यात मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर त्यांना आधी म्हणाले, "काही काळजी करू नका." मामांनी विचारलं, "कशाची करू नको, ते एकेक करून सांगा," आणि डॉक्टरांना खुर्ची ओढून बसावं लागलं. मामा अजून मुलुंडच्या हॉस्पिटलमध्येच आहेत. काल मी मामीला न्यायला घरी गेलो तेव्हा फळा पाहिला. हॉस्पिटलला निघताना मामांनी लिहून ठेवलंय, 'ऑपरेशन अवघड आहे. डबा अळणी लागेल. घरी कधी येणार : माहीत नाही. येणार : नक्की.' खाली सही.

मी त्या शेवटच्या शब्दाकडे बघत राहिलो. त्या सोमवारनंतर तो मी फळ्यावर पाहिला नव्हता. मामीने माझी नजर कुठे आहे ते ओळखलं. "लिवल्यानी हा ना," ती म्हणाली, "मगे येतले." मग तिने पदराच्या टोकाने कोपऱ्यातला कालचा आकडा पुसला, अक्षरांना धक्का लागू दिला नाही, आणि खडूने आजचा लिहून डबा उचलला.