बाळ्याचा अंगठा

आमच्या गल्लीच्या टोकाला एक फणीवाला राहायचा. शिंगाच्या फण्या करायचा. शिंग उकळायचं, गरम आहे तोवर लोखंडी पट्ट्यांत दाबून सपाट करायचं, बारीक करवतीनं एकेक दात कापायचा, आणि शेवटी राख आणि तेल लावून अंगठ्यानं घासत बसायचं. कापडानं घासलं तर तशी चमक येत नाही, असं त्याचं म्हणणं. आयुष्यभर घासून त्याचे दोन्ही अंगठे गुळगुळीत झाले होते. बायको म्हणायची, "ह्यांनी गालाला हात लावला तर फणीच लागल्यासारखी वाटते."

मूलबाळ नव्हतं. होता तो धाकटा भाऊ, बाळ्या. आईवडील लवकर गेले तेव्हा बाळ्या पाळण्यात होता. त्याला वाढवलं फणीवाल्यानं, शिकवलंही त्यानंच. बाळ्या बोलायला गोड, पण कुठल्याच कामावर त्याचं बूड टेकत नसे. चार दिवस जायचा की साहेबाशी वाजायचं, आणि परत दादाच्या घरी जेवायला हजर.

फण्या परदेशात जायच्या. तिकडची एक बाई, केस कापायची चार-पाच दुकानं असलेली, ती पेटी मागवायची. पेटी पाठवायची तर शिंग रोगट जनावराचं नाही असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागे, आणि त्यावर जकात कचेरीचा शिक्का. हेलपाटे घालून फणीवाला वैतागायचा, पण पेटी जायची.

मग सरकारनं बाहेरच्या देशांशी करार केला. यापुढे दाखले, परवाने, सगळं संगणकावर, आणि सहीच्या जागी यंत्रावर अंगठ्याचा ठसा. करार झाला, पण ते राबवायचं कसं हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ते शिकवायला एक परदेशी सल्लागार आला. भला माणूस होता. सारखा घाम पुसायचा आणि चपराशालाही उठून नमस्कार करायचा. त्याला उद्घाटनाला एक खराखुरा कारागीर हवा होता. व्यापार खात्याच्या मोठ्या बाईंनी फणीवाल्याला शोधून काढलं.

त्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. फणीवाला नव्या सदऱ्यात, शेजारी बाळ्या, मागे त्याची बायको आणि आम्ही गल्लीतले चौघं. फणीवाल्यानं यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. दुसरा अंगठा, मग साबणानं हात धुऊन, मग कसलंसं मलम चोळून. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अहो, अंगठाबहाद्दर म्हणायचं, तर अंगठाही नाही!"

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. मंत्री घड्याळ बघत होते. बाई फणीवाल्याच्या कानाशी वाकून पुटपुटल्या, "घरातलं कुणी आलंय का? कुणाचाही चालेल. नंतर बदलून देऊ."

बाळ्या पुढे झाला. त्याचा अंगठा टेकला आणि हिरवा दिवा लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सल्लागारानं दोघा भावांना मिठी मारली, फोटो निघाला. पडद्यावर नाव आलं ते बाळ्याचं. व्यवसाय: फण्यांचा उत्पादक.

फणीवाला घरी येताना खूश होता. "माझा काय, बाळ्याचा काय, अंगठा एकाच घरातला," म्हणाला.

पहिल्या काही पेट्यांना बाळ्या अंगठा द्यायला स्वतःहून यायचा. मग बोलवायला जावं लागू लागलं. मग बोलावूनही दोन-दोन दिवस पत्ता नसायचा. एकदा फणीवाला चिडून बोलला तेव्हा बाळ्या शांतपणे म्हणाला, "दादा, नाव माझं आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर धरतील मला. तुला काय, तू कापत बसतोस."

परदेशातल्या बाईची पत्रं आता संगणकावर यायची, म्हणजे बाळ्याकडे यायची. तो उत्तरं द्यायचा. काय लिहायचा ते फणीवाल्याला कळायचं नाही. वर्ष सरता सरता बाळ्यानं शहराबाहेर एक शेड घेतली, शिंगाचा भुसा आणि डिंक यांच्या साच्यातल्या फण्या काढायला लागला. दिसायला हुबेहूब दादाच्या. परदेशातली बाई खूश, कारण माल ढिगानं मिळत होता.

फणीवाला मोठ्या बाईंकडे गेला. त्यांनी संगणकात पाहिलं आणि विचारलं, "पण तुम्ही यांच्याकडे कामाला आहात ना?"

"मी त्याचा थोरला भाऊ. फण्या माझ्या आहेत. तुम्हीच म्हणाला होता ना, नंतर बदलून देऊ?"

"इथं तसं दिसत नाही," बाई म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

घरी येऊन तो जेवला नाही. बायको म्हणाली, "किराणा बाळ्याच भरतोय. भांडून काय मिळवणार? गप्प बसा."

दोन वर्षांनी सल्लागार पाहणीला परत आला. बाळ्यानं सगळ्यांना शेडमध्ये नेलं, चहापाणी केलं, आणि कोपऱ्यात दादाला करवत घेऊन बसवलं. सल्लागारानं दुभाष्यामार्फत विचारलं, "या व्यवस्थेमुळे तुमच्या आयुष्यात काय बदललं?" बाळ्या उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच फणीवाला उठला आणि सगळं सांगून मोकळा झाला. दुभाषा अडखळला, पण त्यानं एक शब्द गाळला नाही. सल्लागार पांढराफटक पडला. त्यानं फणीवाल्याचे हात हातात घेऊन अंगठे पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

जाताना त्यानं यावर उपाय काढायचा शब्द दिला, आणि तो शब्दाचा पक्का निघाला. पुढच्या पावसाळ्याआधी बुबुळ ओळखणारी यंत्रं आली. विणकर, गवंडी, तांबट, ज्यांच्या बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या त्या सगळ्यांची सोय झाली. फणीवाल्यानं यंत्रात डोळा लावला आणि पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा लागला. पडद्यावर त्याचं स्वतःचं नाव आलं. गल्लीत त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

मग त्यानं जीव ओतून एक पेटी भरली, कुणाकरवी तरी फण्यांचे फोटो संगणकावर चढवले आणि वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी निरोप आला. या वस्तूचा नमुना दुसऱ्या विक्रेत्याच्या नावे नोंदलेला आहे. आपली वस्तू नक्कल असल्याने विक्री थांबवण्यात येत आहे.

तो तडक शेडवर गेला. "मी नकली? बाळ्या, मी?"

"मी तक्रार नाही केली, दादा," बाळ्या म्हणाला. "ते यंत्र आपोआप ताडून बघतं."

"मग हरकत नाही म्हणून सांग ना त्यांना."

"सांगता येतं. एक बटण दाबायचं असतं." बाळ्यानं चहाचा घोट घेतला. "पण शेडचं कर्ज डोक्यावर आहे. एकाच मालाचे दोन विक्रेते कसे परवडतील मला? तूच सांग."

फणीवाला त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. मारेल असं कामगारांना वाटलं. त्यानं मारलं नाही. "तुला मी चमच्यानं दूध पाजलंय," एवढंच म्हणाला.

"माहीत आहे. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे. किती वेळा ऐकू?"

मोठ्या बाईंकडे दाद मागितली, तर त्यांची बदली झालेली. सल्लागार दुसऱ्या कुठल्या देशाला शिकवायला गेला होता. त्याचं एक पत्र मात्र आलं, गल्लीतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. तुमच्या धैर्यामुळे हजारो लोकांचं भलं झालं, असं लिहिलं होतं. ते खरंही होतं.

घरात चूल पेटायला हवी म्हणून फणीवाला बाळ्याकडेच रोजावर लागला. बाळ्यानं त्याला साच्यावर नाही बसवलं, प्रदर्शनांतून फिरवलं. मोठ्या हॉटेलात, थंड हवेत, पाटीखाली: परंपरेचा वारसा. तो करवत चालवायचा, परदेशी पाहुणे भोवती उभे राहायचे. पहिल्याच दिवशी एका बाईनं नाकाला रुमाल लावला. कापलेल्या शिंगाला जळक्या केसांसारखा वास येतो. बाळ्या लगबगीनं आला आणि कानाशी म्हणाला, "दादा, कापू नको. नुसती करवत फिरव."

फणीवाल्यानं करवत दोन बोटं वर उचलली आणि संध्याकाळपर्यंत हवेतच चालवली. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कसं झालं. म्हणाला, जेवण चांगलं होतं.