बाकड्याची मारामारी

छावणीजवळच्या दवाखान्यात माझ्या भावाचं डायलिसिस असायचं, त्याच वेळी करमाडचे एक गृहस्थ बायकोला घेऊन यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बायको आत गेली की तिच्या चपला पिशवीत घालून, ती पिशवी मांडीवर धरून ते बसायचे. काहीही विचारा, प्रश्न संपायच्या आत "व्हय" म्हणायचे आणि पुन्हा गप्प.

एका दुपारी बाहेरच्या टीव्हीवर हिंदीत डब केलेला चिनी सिनेमा लागला होता. एक म्हातारा स्वयंपाकी नुसत्या बाकड्यानं गुंडांशी लढत होता आणि दर वेळी बाकडं त्याच्याच पायावर पडत होतं. गृहस्थ हळूहळू पुढं सरकले.

"असलं कधी पाह्यलंच नव्हतं," ते मला म्हणाले. "लई मार खातो, पण थांबत नाय."

मग ते मोठ्यानं हसले. लगेच ओशाळून आतल्या दाराकडं पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला.

थोड्या वेळानं भावाचं पांघरूण सारखं करायला मी आत गेलो. शेजारच्या खाटेपाशी ते एक पाय वर धरून बायकोला ती मारामारी करून दाखवत होते. सिस्टरनं त्यांना बाहेर जायला सांगितलं.

"राहू द्या, बाई," बायको डोळे न उघडताच म्हणाली. "मघाशी हसले ते इथवर ऐकू आलं. मी आजारी पडल्यापासून ऐकलं नव्हतं."

त्यांचा पाय खाली आला. पुढची मारामारी काही त्यांना करता येईना.