डिंक्याचं काळबीज

माझ्या मामाला सिनेमाच्या सेटवर कोणी कधी नावाने हाक मारली नाही. डिंक्या. बोटांना कायम काहीतरी चिकट लागलेलं असायचं म्हणून डिंक्या. "डिंक्या, चहा घेतलास ना, मग कप सोड की! चिकटला का?" सगळे खो खो हसायचे, तोही हसायचा. त्याच्या त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

तर काळबीज. ते सुपरहिरोच्या पिक्चरमधलं, मुठीएवढं, आत निळं काहीतरी धुमसतंय असं. ते ज्याच्या हातात, त्याचं मेलेलं माणूस एक मिनिटासाठी परत येतं. माझ्या वर्गातल्या एकाने ते दंडावर गोंदवून घेतलंय. ते माझ्या मामाने बनवलंय, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर! वर पातळ काचेचं कवच, आत तांब्याच्या तारांचा गुंता आणि मधोमध मामीच्या चष्म्याची एक काच. मामी जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि तो आमच्याकडे राहायला आला होता. उजेड पडला की एकदम दोन बाजूंना चमक जाते ना, ती त्या चष्म्याच्या काचेची. लोक म्हणाले, काय कारागिरी! मामाने खरं फक्त मॅडमना सांगितलं, म्हणजे दिग्दर्शक बाईंना. आणि मागितलं, काम संपलं की मला परत द्या.

"शेवटचा भाग होऊ दे," मॅडम म्हणाल्या, "तुझं तुला."

शेवटचा भाग यायला अकरा वर्षं लागली.

मामा हातमोजे घालायचा नाही. रसायनं, गोंद, पातळ करायचं ते वास येणारं पाणी, सगळं उघड्या हातांनी. "मोज्यातून हाताला काही कळत नाही गं," म्हणायचा. आणि त्याच उघड्या हातांना हळूहळू कळेनासं झालं. एकदा त्याने गॅसवरची गरम कढई सरळ धरली आणि माझ्याशी बोलत उभा राहिला. मला कातडी जळल्याचा वास आला तेव्हा मी किंचाळले.

"डॉक्टरकडे चल."

"आणि सेटवर कळलं की डिंक्याची बोटं गेली, मग? शेवटचा भाग दुसरा कोणी करेल. मग तुझ्या मामीची काच कोण आणणार, तू?"

शेवटच्या भागात हिरो काळबीज दगडावर आपटून फोडतो. त्यासाठी मामाने आठ नकली केली, चटकन फुटणारी. हिरो कुरकुरला, फार हलकी आहेत, रडू येत नाही. तर मामाने आत वाळू भरून वजन खऱ्याशी असं जुळवलं की आम्ही घरी खरं कुठलं ते ओळखायला बसलो आणि सगळे हरलो. इतका खूश होता त्या दिवशी!

"खऱ्यावर रंगाचा ठिपका तरी लाव," मी म्हटलं.

"कॅमेऱ्यात दिसेल. खाली खाच आहे, अंगठा फिरवला की समजतं."

"समजतं?"

"जा, अभ्यास कर."

शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना सेटवर बोलावलं होतं. मी आणि आई गेलो. गुहेचा सेट, मिट्ट काळोख, एकच निळा दिवा. नकली काळबीजं ट्रेमध्ये काळ्या कापडाखाली, कारण जराशी चमक गेली तरी शॉट वाया जातो. मामाने कापडाखाली हात घालायचा, चाचपून एक काढायचं, हिरोला द्यायचं. चार टेक फुकट गेले. मग मॅडमना जवळून एक शॉट हवा झाला, त्याला खरं काळबीजच लागतं. तो झाला आणि खरं परत त्याच ट्रेमध्ये आलं.

पाचवा टेक. मामाचा हात कापडाखाली. अंगठा फिरतोय. फिरतोच आहे.

"डिंक्या, अंडं घालतोयस का?" कोणीतरी ओरडलं. हशा. आईने माझा हात घट्ट धरला.

मामाने एक काढलं. हिरोने आपटलं.

आधीची भुसकन फुटली होती. हे खणकन फुटलं. हिरो दचकला, त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. मॅडम ओरडल्या, "कट! हाच!" आणि टाळ्या. सगळा सेट टाळ्या वाजवतोय, आणि मामाकडे बघून वाजवतोय, म्हणून मामाही वाजवायला लागला.

सगळे जेवायला गेले तेव्हा तो पाच काळबीजांच्या चुऱ्यात गुडघ्यावर बसला होता, हाताने चाळत. कॅमेऱ्याची गाडी त्या चुऱ्यावरूनच गेली होती.

"अरे, रक्त!" आई म्हणाली.

"कुठे?" त्याने विचारलं. दहाही बोटं लाल होती.

झाडूवाल्या मावशी थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "दादा, उठा आता. मला पण जेवायचंय."

काच मिळाली नाही.

संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम. मॅडमनी मामाला स्टेजवर बोलावलं, लाल रिबीनवाला डबा दिला. "शब्द दिला होता. तुझं तुला!" मामाने उघडलं, उजेडात धरलं. एकाच बाजूला चमक गेली.

मॅडम माइकवर हसत होत्या. "अरे, मला मॉनिटरवरच दिसलं! दोन्हीकडे चमक! म्हटलं, डिंक्याने खरं दिलं की काय! थांबवणारच होते, पण म्हटलं, जाऊ दे, असा शॉट जन्मात मिळायचा नाही." लोक पोट धरून हसत होते. "आणि हेही तूच केलंयस ना? खरं सांग, तुला तरी फरक कळला का?"

मामा माइकजवळ वाकला.

"नाही मॅडम. नाही कळला."

आणि हसला. त्याच्या बोटांच्या पट्ट्यांतून रक्त त्या नकली काळबीजावर उतरत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. कोणीतरी सांगायला हवं होतं. मी पहिल्याच रांगेत होते.