नारळ घेतलेलं कॉलेज

"नाय मॅडम, प्रायव्हेटच एक नंबरला टाका," भाऊसाहेब म्हणाले, आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला.

उस्मानपुऱ्यात माझं अ‍ॅडमिशन कौन्सेलिंगचं ऑफिस आहे. समोर बसले होते शेंद्र्याचे शेतकरी भाऊसाहेब आणि त्यांची मुलगी पल्लवी. पोरगी दहावीला गणितात गचकली होती. पुढं काय झालं कोण जाणे, बारावीत तिनं असा जोर धरला की सीईटीच्या मार्कांवर सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंग मिळेल अशी वेळ आली. तिला तेच हवं होतं.

कॅप राऊंड म्हणजे सरकारी प्रवेशफेरी. त्यात आवडीची कॉलेजं क्रमानं भरायची. एक नंबरचं मिळालं की विषय संपला, खालचं मागता येत नाही. आणि ते प्रायव्हेट तर तिला डोळे झाकून मिळणार होतं. त्यात फॉर्मचा शेवटचा दिवस.

"अहो, पण का?" माझा आवाज चढला.

भाऊसाहेब खाली बघत म्हणाले, "नारळ घेतलाय आम्ही तिथं."

आमच्याकडं सोयरीक जमवायची तर आधी चार जाणती माणसं घर बघून येतात. भाऊसाहेबही तसेच भाऊबंदांची जीप भरून कॉलेज बघायला गेले होते. तिथल्या अ‍ॅडमिशनच्या सरांनी शाल घातली, नारळ दिला, वर नाश्ता. आणि सोयरिकीत नारळ हातात घेतला म्हणजे शब्द दिला!

"मग परत करा ना!"

"आत्यानं चटणी केली त्याची," पल्लवी रडवेली होऊन म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. हसू येत होतं, पण पोरीकडं बघून जीव तुटला. शिकूनसवरून एवढी वर आली आणि अडकली कशात, तर चटणीत!

"उठा," मी म्हटलं. "नवा नारळ घेऊ, मानानं परत देऊ."

ऑफिसला कुलूप लावून तिघं रिक्षानं कॉलेजात गेलो. भाऊसाहेबांनी सरांपुढं हात जोडले, नारळ पुढं केला. "सर, माफी असावी. आमचं जमत नाय."

सरांना काही उमगलं नाही. पाहुणे आलेत एवढंच कळलं. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं कोपऱ्यातल्या पोत्यातून आणखी एक नारळ काढला आणि भाऊसाहेबांच्या हातात ठेवला.

भाऊसाहेब पोत्याकडं बघतच राहिले. "हे एवढे कुणासाठी?"

"येईल त्या पालकांना देतो की," सर कौतुकानं म्हणाले.

"म्हंजी येईल त्याच्याशी सोयरीक करता व्हय तुम्ही?" दोन्ही नारळ टेबलावर ठेवून भाऊसाहेब तरातरा बाहेर. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाले, "टाक गं, तुझं सरकारी टाक एक नंबरला."

पल्लवीनं माझ्या मोबाईलवर क्रम बदलला आणि फॉर्म लॉक केला.

सीट मिळाली. बापलेक अ‍ॅडमिशन घ्यायला गेले. तिथं कुणी बसा म्हटलं नाही. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता कागद घेतले. मला वाटलं, आता फोनवर माझा उद्धार होणार. पण भाऊसाहेब भलतेच खुशीत होते.

"मॅडम, लई मोठं घर दिसतंय हे. आपली गरजच नाय त्यांना!"

तेव्हापासून मी पालकांना रँकिंग समजावत बसत नाही. सरकारी कॉलेजात चहासुद्धा विचारत नाहीत, एवढंच सांगते. लगेच पटतं.