कूलरवर चढवलेले पाहुणे

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी ठीक दहा वाजता, मी एका अनोळखी सद्गृहस्थाला आमच्या कूलरच्या जाळ्यांतलं गवत बदलायला लावलं. हजर आम्ही दोघंच. मुलगी नेहा आंघोळीला गेलेली. बायको कुठे गेली होती, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात थेट कोणी कोणाशी बोलत नाही. (भांडण नाही, सवय!) मी प्लांटमध्ये शिफ्टला, नेहा नोकरीला, त्यामुळे सगळे निरोप वर्षानुवर्षं बायकोमार्फत. त्या गुरुवारी तिचं डोकं फिरलं. "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहो का? आजपासून बंद! ज्याले जे सांगायचं ते ज्याचं त्यानं सांगा!"

आम्ही बापलेक हसलो. तिथेच चुकलं.

तर दारात हे गृहस्थ. मी कुम्हारीहून येणाऱ्या कूलरवाल्याची वाटच पाहत होतो; त्याला स्वतःला मी कधी पाहिलं नव्हतं.

"किती उशीर! बसायचं मंग पाहू, आधी गच्चीवर चला."

बिचारे मुकाट्याने चढले. मी हातात पक्कड दिली आणि सुनावलं, "मागच्या वर्षी तुमचा पोरगा आल्ता. अर्ध्यात टाकून पळाला!"

ते पांढरेफटक पडले. "माझा पोरगा? इथं? आमाले न सांगता?"

"आता तुमीच निस्तरा!"

"निस्तरतो जी," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात पाइप निसटला आणि त्यांना डोक्यावरून आंघोळ घडली!

टॉवेल आणायला मी खाली धावलो, तर सोफ्यावर अवजारांची पिशवी घेतलेला एक माणूस सांभारवडी खात होता आणि साडी नेसलेली नेहा त्याच्या पाया पडत होती.

"साहब, कूलर के काम में इतनी इज्जत कहीं नहीं मिली!"

नेहा किंचाळली, "कूलर? बाबा, अभिजितचे वडील येणार होते! पद्मनाभपूरहून! लग्नाचं बोलायला!"

"कोण अभिजित? मले कावून नाही सांगतलं?"

"आईला सांगितलं होतं!"

"कूलरवाल्याचं मीही तिलेच सांगतलं होतं!"

बायको तेव्हाच पाहुण्यांसाठी तिच्या बहिणीकडून नव्या कपबशा घेऊन दारात पोचली. "अन् एक्स्चेंज बंद हाय, हे मी दोघायलेही सांगतलं होतं."

जिन्यावरून पक्कड घेतलेले, निथळणारे गृहस्थ उतरले. नेहाच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, गेलं स्थळ!

"गवत बसलं जी," ते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले. "घाबरू नका. माझ्या पोरानंही हे लग्नाचं मले नाही, त्याच्या मायलेच सांगतलं. आता आपण बाप-बाप थेट बोलू. तुमाले सोयरीक मंजूर हाय का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी घसा खाकरला आणि बायकोकडे वळलो.

"अवं, यायले सांग, मंजूर हाय म्हणून."