साडूंचा कॉम्प्युटर उठेपर्यंत

वाट बघण्यात आमच्या नाहूरच्या साडूंइतका रमणारा माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही पैजेवर सांगायला तयार आहे. त्यांच्या कॉम्प्युटरची गोष्ट मी लग्नांत, बारशांत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या लोकांनाही रंगवून सांगितली आणि हसवलं. पण दर वेळी मी जिथे थांबायचो, त्याच्या पुढेही ती आहे. तो भाग सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता माझंही वय झालं, तेव्हा सगळीच सांगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ती गेली, मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली, आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हे एकटे उरले. जावयाने सोबतीला म्हणून आपला जुना कॉम्प्युटर दिला. दिला तेव्हाच तो म्हातारा होता. बटण दाबलं की आत काहीतरी घरघरायचं, पडदा काळा व्हायचा, निळा व्हायचा, विचार बदलून परत काळा व्हायचा, आणि मग ते गोल चक्र फिरत बसायचं. मी टेबलावर बोटं आपटू लागलो की साडू म्हणायचे, "उठतोय रे, उठतोय. सकाळी तू काय टुणकन उठतोस? कवळी शोधतोस, चष्मा शोधतोस, गुडघ्याची मनधरणी करतोस. मग त्यालाच कसली घाई?"

या उठण्यावर त्यांनी नाना उपाय काढले होते. भाताचा कुकर आणि कॉम्प्युटर ते एकदमच लावायचे आणि "आधी भातच होतो," असं अभिमानाने सांगायचे. उन्हाळ्यात स्वतः घामाघूम होऊन टेबलफॅन त्याच्याकडे फिरवून ठेवायचे. मधेच कुणी माऊसला हात लावला की ओरडायचे, "हात नको लावू मेल्या, बिचकतो तो!" कॉम्प्युटर मुद्दाम खिडकीला लागून ठेवला होता. बाजारात गेले की भाजीवाल्यासमोरूनच तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना फोन करायचे, "वहिनी, निघालो हां मी. दाबा बटण." मग त्या बाई खाली येऊन कपडे वाळत घालायची काठी गजांतून आत घालायच्या आणि बटण दाबायच्या. एकदा त्यांचा नेम चुकून रेडिओ लागला, आणि साडू परत येईपर्यंत सगळ्या इमारतीने खतांवरचं व्याख्यान ऐकलं.

इमारतीची लाइटबिलं, गॅसची नोंदणी, गावचे सातबारे, गणपतीची तिकिटं, सगळं साडू करून द्यायचे. त्यामुळे सकाळी त्यांच्या खाटेवर चारपाच जण कॉम्प्युटर उठायची वाट बघत बसलेले असत. साडू मोठ्या पातेल्यात चहा टाकायचे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा गृहस्थांचा मोरीच्या गळतीवरून अबोला होता. एका सकाळी दोघांनाही बिल भरायचं होतं आणि खाटेवर जागा शेजारशेजारचीच उरली होती. आधी ते भिंतीकडे बघत बसले, मग चहाकडे, मग एकमेकांकडे. प्लंबरला फोन लावून झाला, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र आलं.

मला मात्र या सगळ्याचा वैताग यायचा. एका वर्षी आमची गणपतीची तिकिटं त्या गोल चक्रात गेली. "वाट लागली ना!" मी ओरडलो. साडू म्हणाले, "लागू दे. एसटीने जाऊ." मी तेव्हाच ठरवलं. त्यांच्या पंच्याहत्तरीला मुलुंडच्या दुकानातला मेकॅनिक घेऊन गेलो आणि नवी, वेगवान डिस्क बसवून घेतली. बटण दाबलं आणि साडूंचा चष्मा पुसून होईपर्यंत कॉम्प्युटर तयार! सासरच्या मंडळींनी माझी पाठ थोपटली. "झकास," साडू म्हणाले. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "एवढ्यातच?"

लग्नांत मी गोष्ट इथे संपवायचो.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो. खाट भरलेली होती, चहा फिरत होता, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर भरतकामाचा रुमाल टाकलेला होता. "उठतोय, उठतोय," साडू सगळ्यांना सांगत होते. मला माझ्या डिस्कचा अपमान सहन होईना. "अहो, कसला उठतोय?" म्हणत मी रुमाल ओढला. पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या लाइटबिलाची पावती होती.

"अगोबाई, माझं बिल भरलंसुद्धा?" त्या म्हणाल्या. "काय भाऊ, मघापासून बसवून ठेवलंत मला!"

"काका, तुम्ही पण ना!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. साडूही हसले. "अरे, माझं लक्षच नव्हतं," म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

कुणी रागावलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून लोक खिडकीतून कागद आत टाकू लागले. "काका, दोन मिनिटांचं काम. येताना घेतो." पुढल्या खेपेला मी गेलो तेव्हा खाटेवर एकटे साडू बसलेले होते आणि मोठं पातेलं फळीवर गेलं होतं. मला तेव्हा कळलं. त्या मेकॅनिकला जाऊन विचारलं, "परत हळू करता येईल का रे?" तो बघतच राहिला. "काका, लोक उलटं सांगतात ना यार."

तेव्हापासून मी रोज सकाळी मुलुंडहून नाहूरला चालत जातो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, अशी थाप मारली आहे. "चांगला भेटला तुला डॉक्टर," साडू म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईही हल्ली घावणे घेऊन खाली येतात आणि काही काम नसताना बसतात. तिघांचं बरं चाललंय. मेहुण्यांच्या कागाळ्या होतात, गावच्या फणसाचा हिशेब होतो, दुपारचा भात मी कधीकधी तिथेच जेवतो.

एकदा मी धीर करून सुरुवात केली होती. "साडूभाऊ, त्या दिवशी मी..." तर म्हणाले, "आधी चहा घे, निवतोय." चहा झाला, मग बाई आल्या, मग विषय कुठल्या कुठे गेला, आणि ते राहिलं. पुढे रोज राहत गेलं. साडूभाऊ, मोठ्या कष्टाने तुम्ही चार माणसं भोवती बसवली होतीत आणि मी ती हसत हसत घालवली. माझं चुकलं.