दोन वर्षं ठेवलेली बरणी

क्रीमच्या कारखान्यात थोरलीचं काम भुकटीचं. डिंकाची पांढरी, पिठासारखी भुकटी ती कोमट पाण्यावर चिमटीचिमटीनं भुरभुरायची. घाई केली की गुठळ्या ठरलेल्या. डब्यावर चित्र गुलाबाचं आणि दुधाचं; आत गुलाब वासापुरता, दूध तेवढंही नाही. खरा भार या भुकटीवर. तीच क्रीम दाट करणार, तेल-पाण्याला एकत्र नांदवणार, हाताला मऊ लागणार आणि एकदा दिलेला आकार मोडू देणार नाही. एवढं करून हूं की चूं नाही! असं माणूस कुणाला भेटलं तर कळवा.

प्रत्येक घाण्यातली एक बरणी मागच्या खोलीत दोन वर्षं ठेवत. मग उघडून, तळापासून ढवळून, क्रीम फाटलंय का ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि टाकून द्यायचं. त्या खोलीत धुरकट काचांतून उजेड सावकाश झिरपायचा. थोरलीला वाटायचं, आपण पाण्याखाली चालतोय.

आजची बरणी धाकट्या बहिणीनं भरलेली. धाकटी शेजारच्याच टेबलावर असायची, आणि कितीही बोलणी खाल्ली तरी ठेवणीच्या बरणीत हळूच बोट टेकवायची.

"अगं, हात तरी धुतलेस का?"

"धुतले गं ताई! आणि ही बरणी कोण विकत घेणारे?"

ही बरणी भरल्यावर पंधरा दिवसांत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

थोरलीनं झाकण काढलं. बोटाचा ठसा जसाच्या तसा होता, नखाच्या कडेसकट. ती स्टुलावर बसली. ढवळलं की ठसा गेला. न ढवळता लिहिलं, तर ते खोटं.

"झालं का हो ताई?" तपासनीस बाईंनी दारातून विचारलं.

"बघतेय."

तिनं त्या खळग्यात आपलं बोट ठेवलं. गार लागलं. तिचं बोट जाड, कडा मोडल्या. तिला रडू कोसळलं. मग डोळे पुसून तिनं चमचा घेतला, तळापासून ढवळलं, उजेडात धरून पाहिलं. तेल कुठेच सुटलं नव्हतं.

टाकून द्यायला मात्र हात होईना. सगळं क्रीम तिनं तळव्यांना, मनगटांना, पार कोपरापर्यंत चोळलं, जिरेपर्यंत चोळत राहिली. मग वहीत लिहिलं, 'फाटलेलं नाही', आणि निसटणारं पेन घट्ट धरून खाली सही केली.